दिल्लीत इंटर्नशिप अन् हातात शनिवार-रविवार: मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी दोन दिवसांचा प्लॅन

मागच्या उन्हाळ्यात मी परभणीहून दिल्लीला सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपला गेले होते. स्टायपेंड एवढाच की पीजीचं (पेइंग गेस्ट रूमचं) भाडं दिल्यावर उरलेल्यात महिना ढकलायचा. पहिला वीकेंड मी पूर्ण वाया घालवला. रील बघून चौदा ठिकाणांची लिस्ट केली, सकाळी नऊला निवांत निघाले, अन् दुपारी दोन वाजता तुघलकाबाद नावाच्या मेट्रो स्टेशनबाहेर उभी राहून किल्ला कुठंय म्हणून विचारायले तर गार्ड म्हणतो, "मॅडम, किला तो यहाँ से बहुत दूर है". संध्याकाळी डोकं धरून झोपले. पुढचे पाच वीकेंड मात्र शहाण्यासारखे काढले. आता कॉलेजातली ज्युनिअर पोरं सारखी फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

१. बॅगेत काय पाहिजे

आधार कार्ड (ओरिजिनल जवळ ठेवा, डिजिलॉकरमध्ये पण असू द्या), कॉलेजचं आयडी, इंटर्नशिपचं ऑफर लेटर, चार-सहा पासपोर्ट फोटो. हे फोटो अन् आधार पीजीवाल्याला लागतात, दिल्लीत भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन करावं लागतं. फॉर्म भरायला मालक टाळाटाळ करायला लागला तर तुम्हीच मागं लागा.

फिरायच्या बॅगेत पाण्याची बाटली, पॉवर बँक, टोपी नाहीतर मोठा रुमाल, अन् जुन्या सॉक्सचा एक जोड. सॉक्स कामून ते पुढं सांगते. चाकू-बिकू काही ठेवू नका. आईनं आंबे कापायला दिलेला छोटा चाकू माझ्या बॅगेत तसाच राहिला होता, मेट्रोच्या मशीनमध्ये दिसला, सगळी बॅग उघडून दाखवावी लागली, मागं ही लाइन. आंबे पण सगळ्यांनी बघितले.

एक स्टीलचं ताट पण घ्या. हे ट्रेनसाठी.

२. ट्रेन अन् स्टेशन

नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर या पट्ट्यातल्यांना सगळ्यात सोपी सचखंड एक्सप्रेस, १२७१५. नांदेडहून सकाळी सुटते, दुसऱ्या दिवशी नवी दिल्ली. हिच्यात वाटेतल्या स्टेशनांवर सेवेकरी लंगर वाटतात, फुकट, कढी-भात, खिचडी, भाजी जे असेल ते, फक्त भांडं आपलं पाहिजे. नवीन पोरं ताट नेत नाहीत अन् मग चिप्सच्या पाकिटात कढी घ्यायची वेळ येते. हसू नका, मी बघितलंय. आठवड्यातून एकदा मराठवाडा संपर्क क्रांती पण आहे, ती हजरत निजामुद्दीनला सोडते.

जाता जाता परतूर लागतं, जालना जिल्ह्यातलं. १७६० च्या मार्चमध्ये सदाशिवराव भाऊंचं सैन्य इथूनच उत्तरेला निघालं होतं, त्याच्या महिनाभर आधी उदगीरला निजामाला हरवून. ते पानिपतला गेले, आपण इंटर्नशिपला. लाल किल्ल्याशी पोहोचलो की हे परत लागेल, लक्षात ठेवा.

नवी दिल्ली स्टेशनला दोन तोंडं आहेत. एक नंबर प्लॅटफॉर्मकडं पहाडगंज, सोळा नंबरकडं अजमेरी गेट. मेट्रो अजमेरी गेटकडं आहे. पहाडगंजच्या बाजूनं बाहेर पडलात की चार जण अंगावर येतात, कुणी म्हणतो रूम, कुणी म्हणतो टूर, अन् परतीच्या वेळी कुणी म्हणतो तुमचं तिकीट कॅन्सल झालंय, समोरच्या ऑफिसात चला. तसलं कुठलंच ऑफिस रेल्वेचं नसतं. फोनवर पीएनआर बघा अन् चालत राहा.

३. मेट्रो: दोनच रंग पाठ करा

मेट्रोचा नकाशा पहिल्यांदा बघितला तर रांगोळी सांडल्यासारखा दिसतो. सगळा पाठ करायची गरज नाही. वीकेंडला पिवळी अन् जांभळी एवढ्या दोन लाइन पुरतात. या दोन लाइन काश्मिरी गेट अन् सेंट्रल सेक्रेटरिएट या दोन स्टेशनांवर एकमेकींना भेटतात. बघण्यासारखं निम्म्याहून जास्त यांच्यावरच आहे. ही गोष्ट मला तिसऱ्या आठवड्यात कळाली अन् त्यानंतर मी एकदाही हरवले नाही.

स्मार्ट कार्ड पहिल्याच दिवशी काढा, प्रत्येक फेरीला दहा टक्के सूट मिळते अन् तिकिटाच्या लाइनीत उभं राहायचं काम नाही. ऑगस्ट २०२५ पासून भाडं ११ रुपयांपासून ६४ रुपयांपर्यंत आहे अन् रविवारी त्याहून कमी लागतं. कार्ड नको असेल तर फोनवर क्यूआर तिकीट निघतं, पण बॅटरी संपली की गेटच्या आत अडकाल.

पोरींसाठी: गाडी ज्या दिशेला चाललीय त्या दिशेचा पहिला डबा बायकांचा. प्लॅटफॉर्मवर गुलाबी खुणा असतात. पोरांसाठी: त्याच कारणानं त्या डब्यात चढू नका, दंड होतो. डब्यात खाली बूड टेकवून बसायचं नाही, आपल्या पॅसेंजरची सवय इथं चालत नाही.

आता स्टेशनच्या नावांचा घोळ, मी फसले ती जागा. तुघलकाबाद स्टेशन अन् तुघलकाबाद किल्ला काही किलोमीटर लांब, किल्ल्यासाठी गोविंदपुरीला उतरून ऑटो करावा लागतो. कुतुब मीनार स्टेशनवरून मीनार लगेच येत नाही, तिथून ऑटो नाहीतर ई-रिक्षा. हौज खास स्टेशन अन् हौज खास व्हिलेज हेही वेगळं. स्टेशनचं नाव बघून कुठंच उतरू नका, आधी मॅपवर चालायचं अंतर बघा. गेट नंबर पण बघा. राजीव चौकात चुकीच्या गेटनं वर आलात तर कनॉट प्लेसच्या गोलाकारात अर्धा तास त्याच त्याच पांढऱ्या खांबांना वळसे घालाल.

४. आधी उन्हाचं बघा

आपल्याला वाटतं आपण बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत वाढलेले, दिल्लीचं ऊन काय करणार. मी पण हेच म्हणत होते. तिथलं ऊन वेगळं लागतं, चहूबाजूनं सिमेंट तापलेलं, वरून लू म्हणजे गरम झळा मारणारा वारा. अन् आपल्याकडं दुपारी बारानंतर आपण तरी कुठं बाहेर पडतो? घरात पडून राहतो. दिल्लीत जाऊन मात्र दुपारी बाराला किल्ला बघायचा असतो आपल्याला.

म्हणून मे-जूनमध्ये असं करा: पहाटे साडेपाचला निघायचं, साडेदहा-अकरापर्यंत बाहेरचं सगळं उरकायचं, अकरा ते साडेचार छपराखाली म्हणजे म्युझियम वगैरे, अन् पाचनंतर परत बाहेर. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर याच्या उलटं, सकाळी धुकं असतं, दहाच्या आधी काही दिसत नाही अन् ट्रेन पण लेट होतात, परतीच्या तिकिटाला लागून ऑफिसचा दिवस ठेवू नका.

५. शनिवार सकाळ: जुनी दिल्ली

ही शनिवारीच करा. रविवारी चांदनी चौकातली दुकानं बंद असतात, नई सडकवरचं पुस्तकांचं मार्केट पण बंद.

पिवळ्या लाइननं चांदनी चौक स्टेशनला उतरा. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोठ्या रस्त्यावर गाड्यांना बंदी असते, पण त्याच्याही आधी गेलात तर रस्ता अंगणासारखा मोकळा मिळतो. पहिलं गुरुद्वारा सीस गंज. १६७५ मध्ये गुरु तेगबहादुरांचं शिर इथं कलम केलं, अन् त्यांचे पुत्र गुरु गोबिंदसिंग यांनी १७०८ मध्ये आपल्या नांदेडला देह ठेवला. नांदेड-परभणीच्या माणसाला दिल्लीत ही एक ओळख फुकटात मिळते. एकदा एका वयस्कर सरदारजींच्या ऑटोत बसले, त्यांनी विचारलं कहाँ से हो बेटा, मी म्हणलं परभणी, काही कळालं नाही, मग म्हणलं नांदेड के पास. त्यांनी आरशातून बघितलं, "हजूर साहिब वाला नांदेड?" अन् मग पूर्ण रस्ताभर त्यांच्या यात्रेची गोष्ट. उतरताना पैसे घेईनात, बळंच द्यावे लागले. तेव्हापासून मी सरळ नांदेडच सांगायले, परभणीवाल्यांनी माफ करावं.

तिथून चालत जामा मशीद. १६५६ ची, शहाजहानची. चपला बाहेर काढाव्या लागतात अन् मे महिन्यात ती फरशी सकाळी नऊलाच तव्यासारखी होते. आता सॉक्स काढा बॅगेतून! हाफ पँट घालून जाऊ नका अन् नमाजच्या वेळेला बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, तेव्हा लवकरच उरका.

नाश्त्याचं जास्त सांगत नाही, बेडमी पुरी-आलू, छोले भटुरे, जलेबी, जे गरम निघतंय अन् जिथं लोकल माणसं उभी आहेत तिथं खा. पराठेवाली गलीतले पराठे तुपात तळलेले असतात, दोन खाल्ले की चालवत नाही. वेळ असेल तर खारी बावलीत मसाल्याच्या बाजारात एक चक्कर मारा, आपल्या मोंढ्यात मिरचीचा सीझन असतो तसा ठसका लागतो, रुमाल लागेल.

साडेनऊला लाल किल्ला उघडतो. तिकीट आदल्या रात्रीच ऑनलाइन काढून स्क्रीनशॉट घ्या, गर्दीत नेट चालेलच असं नाही. सोमवारी बंद, अन् १५ ऑगस्टच्या आधी तयारीसाठी बरेच दिवस बंद असतो, जुलैच्या इंटर्न्सनी आधी चेक करा. १६३८ ते १६४८ अशी दहा वर्षं बांधकाम चाललेलं. आत बाकी काही नाही बघितलं तरी चालेल, दिवाण-ए-खासमध्ये उभं राहून वर बघा. या छताला चांदीचा पत्रा होता. १७६० मध्ये भाऊंच्या सैन्याकडं पगाराला पैसे उरले नाहीत तेव्हा तो काढून वितळवला. परतूरहून निघालेलं सैन्य बरं का हे. मला आतापर्यंत पानिपत म्हणजे परीक्षेतला पाच मार्कांचा प्रश्न वाटायचा, इथं ते छत बघून पहिल्यांदा वाटलं की घरापासून एवढ्या लांब आलेल्या माणसांकडं महिनाअखेरीला पैसे नव्हते. स्टायपेंडवाल्याला हे पटकन कळतं.

६. शनिवार दुपार ते रात्र

लाल किला स्टेशनवरून जांभळी पकडा अन् सेंट्रल सेक्रेटरिएटला उतरा, जनपथवरचं नॅशनल म्युझियम तिथून जवळ. दुपारची झोप सोडून दुसरं काही आवडत नसेल तरी जा, एसी आहे. हडप्पा गॅलरीत मोहेंजोदडोची नाचणारी मुलगी आहे, शाळेच्या पुस्तकात पानभर फोटो असतो म्हणून मोठी मूर्ती शोधत मी तिच्यासमोरून दोनदा गेले. खरी ती फक्त साडेदहा सेंटीमीटरची आहे, पेनाएवढी पण नाही.

पाचनंतर कर्तव्य पथावरून चालत इंडिया गेट. मागं नॅशनल वॉर मेमोरियल आहे, २०१९ मध्ये झालेलं, फुकट. गोल भिंतींवर एकेका जवानाचं नाव कोरलंय, महाराष्ट्रातली आडनावं सापडतात, शोधत बसलात तर तास जातो.

इंडिया गेटजवळच हैदराबाद हाउस आहे. आत सोडत नाहीत, परदेशी पाहुणे आले की पंतप्रधानांच्या भेटी तिथं होतात, टीव्हीवर दिसतं ते. पण बाहेरून बघाच, कारण ते आपल्या निजामानं, मीर उस्मान अलीनं, बांधून घेतलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण त्याच्याच राज्यात होतो. माझ्या पणजोबांच्या शेतसाऱ्याच्या एक-दोन विटा त्यात असणार असा माझा दावा आहे, गेटवरच्या पोलिसाला सांगितला नाही.

अन् योगायोग म्हणजे तिथून जवळच, अशोका रोडला, आंध्र भवनचं कँटीन. पोटभर थाळी, भात परत परत वाढतात, तिखट खरोखर तिखट असतं. पंधरा दिवस पीजीचा राजमा खाल्ल्यावर तो सांबार तोंडात गेला तेव्हा डोळ्यात पाणी आलं, थोडं तिखटामुळं. मराठीच पाहिजे असेल तर कस्तुरबा गांधी मार्गावर नवीन महाराष्ट्र सदन आहे, तिथलं कँटीन पण विचारून बघा.

७. रविवार

पहाटे परत जांभळी, जेएलएन स्टेडियम स्टेशन, तिथून ऑटोनं हुमायूनचा मकबरा. सूर्य उगवला की उघडतो, सोमवारी पण चालू असतो. संभाजीनगरवाल्यांनी हा चुकवायचा नाही, कारण सोळाव्या शतकातला हा मकबरा आजी, आग्र्याचा ताज आई अन् आपला बीबी का मकबरा धाकटी लेक. चारबाग (चार भागांत वाटलेली बाग) तोच, मधोमध उंच चौथरा तोच. लहानपणी सहलीत बीबी का मकबऱ्याला सगळे "गरिबांचा ताज" म्हणायचे, इथं येऊन कळतं की घराणंच आहे.

रस्ता ओलांडला की निजामुद्दीन दर्गा. गल्लीत शिरलात की फुलवाले म्हणतात चपला इथंच ठेवायच्या अन् फुलं घ्यावीच लागतात. घ्यावी लागत नाहीत, हसून पुढं चला. बायकांना आतल्या कबरीपर्यंत सोडत नाहीत, जाळीतून बघावं लागतं, मला ते आवडलं नाही पण आधी सांगून ठेवलेलं बरं. कव्वाली ऐकायची असेल तर गुरुवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर या. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब आपल्या खुलताबादला आहेत. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दौलताबादला नेली तेव्हा दिल्लीतली कितीतरी माणसं आपल्याकडं आली होती. आपण तर स्लीपरनं जातो.

दहानंतर दिल्ली गेट स्टेशन. दर्यागंजचा रविवारचा जुन्या पुस्तकांचा बाजार आता आसफ अली रोडवर महिला हाटमध्ये भरतो, अन् काही ठेल्यांवर पुस्तकं किलोवर मिळतात. परतीला ट्रेनमध्ये ते ओझं आपल्यालाच उचलायचंय हे लक्षात ठेवून घ्या. मी ठेवलं नाही.

दुपारी दिल्ली गेटवरून काश्मिरी गेट, तिथं पिवळी धरून सिव्हिल लाइन्स, अन् ई-रिक्षानं २६, अलीपूर रोड. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले ते हे घर. आता तिथं उघडलेल्या संविधानाच्या पुस्तकासारखी इमारत आहे, २०१८ मध्ये झालेली. दिल्लीच्या रीलमध्ये ही जागा मी एकदाही बघितली नाही. आमच्या मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव मिळायला १९९४ उजाडलं, त्यासाठी काय काय झालं ते घराघरात ऐकलेलं असतं, त्यामुळं मी तिथं अर्ध्या तासासाठी गेले अन् अडीच तास बसले. ज्यांच्याकडं फक्त एकच दुपार आहे त्यांनी म्युझियम सोडा अन् इथं या.

८. फसायच्या जागा, पटापट

ऑटोत बसायच्या आधी "मीटर से चलोगे?" विचारायचं, नाही म्हणला तर ॲपमधलं भाडं दाखवून बोलायचं. आपलं "मेरेको", "नक्को", "कायकू" ऐकलं की ते हसतात अन् बाहेरचं माणूस म्हणून भाव वाढवतात, जमेल तेवढं "भैया" अन् "जी" लावा. कनॉट प्लेसमध्ये कान साफ करणारे अन् बुटाला घाण लागलीय म्हणणारे, दोघांकडं बघू पण नका. पालिका बाजारात इअरफोन घेऊ नका. सरोजिनी नगरला सांगितलेल्या भावाच्या निम्म्यानं सुरू करा, सोमवारी बंद.

अक्षरधाम रविवारी टाळा. फोन, बॅग सगळं बाहेर जमा करावं लागतं, लाइन भली मोठी, अन् आत मैत्रीण हरवली तर फोन नाही शोधायला. आम्ही सव्वा तास शोधलं, ती कँटीनमध्ये खात बसली होती. आग्रा याच दोन दिवसांत कोंबू नका, त्याला वेगळा वीकेंड द्या (ताज शुक्रवारी बंद असतो). कुतुब मीनार अन् लोधी गार्डन पण पुढच्या वेळेला, दोन्ही पिवळ्या लाइनवरच आहेत, पळून जात नाहीत.

९. रविवार रात्र

बहुतेक पीजींत रविवारी रात्री मेस बंद असते, हे भाडं ठरवताना कुणी सांगत नाही. सिव्हिल लाइन्सवरून पिवळी धरून पटेल चौक, अन् तिथून चालत गुरुद्वारा बंगला साहिब. डोकं झाकायला रुमाल तिथं मिळतो. तळ्याकाठी जरा बसा, मग लंगर, चोवीस तास चालू असतो, आपण ज्या ताटानं सचखंडमध्ये सुरुवात केली तेच जेवण. पंगतीत दोन्ही हात पुढं करून पोळी घ्यायची, ताटात पडेल तेवढं संपवायचं. जेवल्यावर अर्धा तास भांडी घासायला नाहीतर पोळ्या लाटायला बसता येतं. माझ्या पोळ्या बघून शेजारच्या आजींनी मला हळूच लाटण्यावरून उठवून पीठ मळायला पाठवलं.

पीजीवर आलात की आधी कपडे भिजवा, नाहीतर सोमवारी ऑफिसला घालायला काही नसतं. अन् झोपायच्या आधी मेट्रो कार्डातला बॅलन्स बघा, सोमवारी सकाळी नऊला राजीव चौकात रिचार्जच्या लाइनीत उभं राहायची पाळी शत्रूवर पण येऊ नये.